आडवं कुठं व्हायचं?

बनसोडे सिस्टर गाडी बघायला आल्या की आधी चपला काढायच्या. मग मधलं दार उघडायच्या, पदर खोचायच्या आणि मालक, एजंट, जमलेले बघे या सगळ्यांच्या देखत गाडीत सरळ आडव्या व्हायच्या. बॉनेट उघडायला सांगणं नाही, टायरला लाथ मारणं नाही, अ‍ॅव्हरेजची चौकशी नाही. कापडी पिशवीतून आपलं स्टीलचं फुलपात्र काढायचं, कोणाला तरी त्यात अर्धं पाणी ओतायला सांगायचं, ते पोटावर ठेवून दोन बोटांनी नुसतं धरायचं आणि डोळे मिटून म्हणायचं, "हं, घ्या आता. फाटकापातूर जाऊन या." गाडी परत आली की त्या उठून बसत आणि पोटावरून हात फिरवून बघत. साडी भिजली असली तर गाडी नापास. त्यावर अपील नव्हतं.

ही बाई मला आवडत नसे, हे आधीच सांगून टाकतो. मी हायस्कुलात भूगोल शिकवणारा मास्तर. गावात चार माणसं मला वाकून नमस्कार करत आणि मला त्याची सवय झालेली. सिस्टर मात्र माझ्याकडे बघत ते तपासणीला आलेल्या साहेबानं वर्गातल्या ढ पोराकडे बघावं तसं. एकदा म्हणाल्या, "मास्तर, तुमी भूगोल शिकवता न्हवं? मग गावास्नं तासगावापातूर खड्डं किती, सांगा बघू." मी हसलो. त्या हसल्या नाहीत. "मला म्हायती हाय. मी बाळंतिणीच्या उशाला बसून मोजल्यात," म्हणाल्या आणि पुढे निघून गेल्या. दिवसभर माझं डोकं भणभणत राहिलं.

त्या मूळच्या खंडाळ्याकडच्या. तीस वर्षं सरकारी नर्स होत्या. आधी तिकडच्या घाटातल्या गावांत, शेवटची अकरा वर्षं आमच्याकडे. आमचं गाव तासगावपासून आठ किलोमीटरवर, अर्धं द्राक्षाचं आणि अर्धं उसाचं. अडलेल्या बाईला दवाखान्यात न्यायचं काम त्यांच्याकडे. मिळेल ते वाहन घ्यायचं. कधी सरकारी जीप, कधी दुधाचा टेम्पो, कधी ट्रॅक्टरची ट्रॉली. वाहनात बसून काय कळतं ते तुम्हाआम्हाला ठाऊक असतं. वाहनात आडवं पडलेल्या माणसाचं काय होतं, ते त्यांनी तीस वर्षं बघितलं होतं. रिटायर झाल्यावर त्या कुपवाडला मुलाकडे राहायला गेल्या. मुलगा तिथल्या एका वर्कशॉपमध्ये टर्नर होता. त्याच्या दोन खोल्यांच्या घरापुढे रविवारी एखादी तरी गाडी उभी असायची, परीक्षेला.

उसातली आणि द्राक्षातली मोठ्या मिशांची माणसं एका रिटायर नर्सला गाडी दाखवायला का येत, असं कोणी विचारील. ती स्वतःहून येत नसत. त्यांना घरातल्या बायका पाठवत. ज्या बायकांची पोरं सिस्टरांच्या हातावर झाली होती, त्या नवऱ्याला बजावत, "सिस्टरला दाखवल्याबिगर गाडी दारात आणू नका." मग ही माणसं नाइलाजानं कुपवाडला येत आणि गाडीपासून चार हात लांब उभी राहून तंबाखू मळत. जणू गाडी त्यांची नव्हेच.

त्या काळात आमच्या भागात दहा माणसांच्या मोठ्या डिझेल गाड्यांचं वेड आलं होतं. जुन्या जीप गेल्या. पुढे दोघं, मधे बाक, मागे समोरासमोर दोन लहान बाकडी, टपावर कॅरिअर. अशी गाडी दारात असली की माणूस मोठा. ती घेताना आमची मंडळी काय बघत? हॉर्न वाजवून बघत. टेप लावून बघत. मिस्त्री बॉनेटमधे डोकं घालून "इंजिन मख्खन हाय" म्हणे. मग सगळे पुढच्या सीटवर आळीपाळीनं बसून आरशात स्वतःची मिशी बघत. संपली परीक्षा. मागच्या बाकड्यावर बायका-पोरं बसणार, आडव्या बाकावर गुडघ्याला गुडघे लावून, आणि पहिल्या वळणाला ओकणार, हे कोणाच्या ध्यानातही येत नसे. सिस्टर म्हणायच्या, "पुढच्या सीटवरनं गाडी पसंत करणारा बाप्या म्हंजी आंधळा. त्याला गाडी न्हाई, काठी घेऊन द्या."

नव्या गाडीलाही त्यांच्याकडे सूट नव्हती. आमच्या गावच्या एका बागायतदाराच्या बायकोनं हट्टानं त्यांना सांगलीला, गाडीच्या दुकानात नेलं होतं. काचेचं दुकान, चकचकीत फरशी, टाय लावलेला पोरगेला विक्रेता. सिस्टरांनी दारात चपला काढल्या आणि कोऱ्या गाडीत आडव्या झाल्या. विक्रेता घाबरला. "मॅडम, बसून बघा ना. सीट फार आरामशीर आहे." सिस्टर पडल्या पडल्याच म्हणाल्या, "बसून कोण मरत न्हाई, बाबा. मरतंय ते आडवं हुन." मग पाय लांब केले, ते दाराला लागले. "हितं माझं गुडघं मुडपत्यात आन मी हाय पावणेपाच फूट. ह्यांची सून हाय सव्वापाच. तिचं पाय काय दाराभाईर काढायचं?" बागायतदारानं तरी ती गाडी घेतलीच. सिस्टरांना वाईट वाटलं नाही. लोक आपलं ऐकतील अशी त्यांची अपेक्षाच नव्हती.

आता आमच्या घरचं सांगतो.

माझे थोरले बंधू, दादा, फौजेतून सुभेदार होऊन आलेले. शेती तेच बघत. त्यांची एकुलती एक मुलगी सुमन. लग्न साताऱ्याकडे झालेलं. पहिल्या बाळंतपणाला रिवाजाप्रमाणे माहेरी आली. सिस्टर तेव्हा नुकत्याच रिटायर झालेल्या, त्यांच्या जागी कोणी आलेलं नव्हतं. पोरीच्या कळा लांबल्या. जीप मिळेना. शेवटी ट्रॉलीत कडबा पसरून आम्ही तिला तासगावला नेलं. कडब्यावर ती धड बसू शकत नव्हती आणि आडवीही होऊ शकत नव्हती. पोरगी वाचली. मूल वाटेतच गेलं. मुलगा होता.

वर्षभर दादा कोणाशी धड बोलले नाहीत. सुमनला परत दिवस गेले, तेव्हा ते एवढंच म्हणाले, "हे बाळंतपण बी हितंच. आन आता पोरगी ट्रॉलीत बसायची न्हाई. गाडी घ्यायची." गाडी सुमनसाठी घ्यायची, हे घरातल्या सगळ्यांना माहीत होतं. ते दादांनाही माहीत होतं, म्हणून पुढचं सांगताना मला अजून चीड येते.

साताऱ्याच्या एका एजंटानं जुनी गाडी आणली. एका ठेकेदाराची, जेमतेम वापरलेली. रंग पांढरा, काचांना काळी फिल्म, आणि मधला बाक काढून त्या जागी दोन आरामखुर्च्या बसवलेल्या. तांबड्या मखमली खुर्च्या, हात टेकायला दांड्या, खटका ओढला की पाठ मागे जाणार. वर मूळ प्लॅस्टिकचं कव्हर तसंच. एजंट पुन्हा पुन्हा त्या प्लॅस्टिकवर थाप मारून म्हणत होता, "सुभेदारसाहेब, प्लॅस्टिक बी निघालं न्हाई अजून. कुणी बसलंच न्हाई हितं!" दादा डाव्या खुर्चीत बसले. त्यांनी दांडीवर हात टेकला, मान ताठ केली. आयुष्यभर फौजी ट्रकच्या फळीवर बसलेला माणूस तो. त्यांच्या चेहऱ्यावर जे आलं ते बघून मला कळलं, की सुमन त्यांच्या डोक्यातून तेवढ्यापुरती गेली. मग मी उजव्या खुर्चीत बसलो. खोटं कशाला बोलू, मलाही फार बरं वाटलं.

वहिनी मात्र अडून बसल्या. "सिस्टरला दाखवा," म्हणाल्या. म्हणून एजंटासकट आम्ही गाडी कुपवाडला नेली.

सिस्टर बाहेर आल्या, मधलं दार उघडलं आणि उभ्याच राहिल्या. "आडवं कुठं व्हायचं?" त्यांनी विचारलं.

एजंट पुढे झाला. "बाई, ह्या पुशबॅक सीटा हायत. हे बघा." त्यानं खटका ओढला.

सिस्टर त्या खुर्चीत रेलल्या. प्लॅस्टिकवरून घसरून खाली आल्या, परत वर सरकल्या. फुलपात्र पिशवीतून काढलंच नाही. "ही न्हाव्याची खुर्ची झाली. हितं दाढी करून घ्या, सुभेदार. गुळगुळीत हुईल."

दादांचा चेहरा लाल झाला. "सिस्टर, मी फौजेत बावीस वर्षं तीन टनी ट्रक चालवलाय. गाडीतलं मला तुमी सांगू नका."

"तीन टनीत बाळंतीण नेली व्हती का?"

सिस्टर उतरल्या, चपला घातल्या. "इंजन झ्याक आसंल, त्यातलं मला कळत न्हाई. पर ह्यो मधला बाक कुणी काढला, का काढला, ते मला कळतं. ज्याला घरातल्या माणसापरीस आपलं बूड मोठं वाटतं, त्यानं काढला. गाडी नापास." आणि त्या आत गेल्या. आम्हाला चहाही विचारला नाही.

चहाचं नाव निघालं म्हणून इथेच सांगतो. आमच्या सोप्यात दाराजवळ एक कोनाडा आहे. त्यात कान तुटलेला एक कप अकरा वर्षं पालथा घालून ठेवलेला होता. तो सिस्टरांसाठी. सिस्टर बौद्ध, आणि आमच्या घरात, ज्या घरात माझी पोरं त्यांच्या हातावर झाली, त्यांना चहा द्यायचा तो त्याच कपातून, असं ठरलेलं. कोणी ठरवलं होतं देव जाणे, पण मोडलं कोणीच नव्हतं. सिस्टरांनी त्या कपाला कधी बोट लावलं नाही. "चहा सोडलाय मी," म्हणायच्या. पाणी हवं असलं तर पिशवीतून स्वतःचं फुलपात्र काढायच्या आणि वहिनी हातभर उंचावरून तांब्यानं त्यात धार धरायच्या. चहा त्यांनी सोडलेला नव्हता. तासगावच्या एसटी स्टँडवर मी त्यांना लागोपाठ दोन कप चहा पिताना बघितलं होतं, बशीत ओतून, फुंकर मारत, अगदी सुखानं. त्यांनीही मला बघितलं. मी पेपर तोंडासमोर धरला. गाडीच्या परीक्षेत पाण्यानं अर्धं भरून पोटावर ठेवायचं फुलपात्र ते हेच.

दादांनी गाडी घेतली. मी हो ला हो मिळवलं. "खुर्च्या मागं होतात, तेवढं पुरेल," असं शहाण्यासारखं मीच म्हणालो. वहिनींनी मात्र कुपवाडला निरोप धाडला आणि त्या दिवसापासून दर मंगळवारी सिस्टर एसटीनं येऊन सुमनला तपासून जाऊ लागल्या. दारातल्या पांढऱ्या गाडीकडे त्या ढुंकूनही बघत नसत.

असाच एक मंगळवार होता. दुपारची जेवणं नुकतीच झाली होती, आणि दिवस भरायला अजून दोन आठवडे होते. सिस्टर सुमनचं पोट तपासत होत्या आणि तेवढ्यात तिचं पाणी गेलं. सिस्टरांनी परत पोटावर हात ठेवला, डावीकडून, उजवीकडून, आणि त्यांचा चेहरा दगडासारखा झाला. बाहेर येऊन त्या दादांना हळू आवाजात म्हणाल्या, "मूल आडवं हाय. आठ दिसापूर्वी सरळ व्हतं, फिरलंय. हितं काय हुत न्हाई, तासगावात बी न्हाई. सांगली. आप्रेशन. आन ध्यान देऊन ऐका. तिला बसवायची न्हाई. बसवली आन नाळ खाली आली, तर मूल गेलं. बूड वर, डोस्कं खाली, असं निजवून न्यायाचं."

आम्ही सगळ्यांनी एकदमच गाडीकडे बघितलं. उघड्या दारातून त्या दोन तांबड्या खुर्च्या दिसत होत्या, दोघींच्या मधे वीतभर मोकळी जागा. मागची बाकडी हातभर रुंद, तीही आडवी. पुढे खुर्च्यांच्या पाठी, मागे दार. माणसाला निजवण्यासारखी जागाच नव्हती. मी भिंतीला टेकून उभा राहिलो होतो.

"पाना आणा," सिस्टर म्हणाल्या. "उभं काय ऱ्हायलाय? खुर्च्या काढा त्या!"

दादा धोतर वर खोवून गाडीखाली शिरले. सात नट निघाले. आठवा निघेना, कोणी दीडशहाण्यानं तो वेल्डिंग करून टाकला होता. आतून सुमन कण्हत होती. दादा गाडीखालून बाहेर आले, गोठ्यातली पहार आणली आणि त्या खुर्चीच्या पायाशी घालून अंगातला सगळा जोर लावला. रोज सकाळी ज्या खुर्चीवरची धूळ ते आपल्या उपरण्यानं झटकत, तिच्यावर ते पहार घालत होते आणि हुंदके देत होते. असा रडणारा सुभेदार मी कधी बघितला नव्हता. खुर्ची कडकन मोडून अंगणात पडली. सिस्टर एवढंच म्हणाल्या, "हे आधी केलं आस्तं तर पोरगी आत्ता तासगावात पोचली आस्ती."

गाडीच्या तळाला गादी टाकली. गादीवर दोन वाकळा घड्या घालून सुमनच्या कमरेखाली दिल्या आणि तिला डाव्या कुशीवर निजवली. सिस्टर तिच्या उशाशी उकिडव्या बसल्या. मी आणि वहिनी मागच्या बाकड्यावर. सिस्टरांनी फुलपात्र काढलं, वहिनींनी वरून धार धरली, ते अर्धं भरलं. ते त्यांनी सुमनच्या डोक्याशी ठेवलं. "सुभेदार, ह्यातलं पाणी सांडलं न्हाई पायजे. पर येळ बी लागला न्हाई पायजे."

ऊसतोडीचे दिवस होते. तासगावच्या अलीकडे बैलगाड्यांची रांग, पलीकडे ट्रॅक्टरच्या दोन-दोन ट्रॉल्या. दादांनी ती गाडी कशी नेली ते मला आजही सांगता येत नाही. एरवी चौकात शंभरदा हॉर्न वाजवणारा माणूस, पण तोंड मिटून, खड्ड्याआधी गाडी जवळजवळ थांबवून, मग उचलून, अशी त्यांनी ती नेली. सिस्टर मधूनमधून नुसत्या सांगत, "पुढं मोरी हाय. आता डावीकडं घ्या, उजवीकडचा खोल हाय." बाहेर बघतच नव्हत्या. त्यांचा एक हात सुमनच्या पोटावर होता. सगळा रस्ता त्यांना पाठ होता, आणि मी भूगोलाचा मास्तर मागे बसून खिडकीबाहेर बघत होतो. फुलपात्रातलं पाणी दोनदा हिंदकळलं. सांडलं नाही.

सांगलीत पोचल्यावर अर्ध्या तासात ऑपरेशन झालं. मुलगी झाली. दोघी सुखरूप. डॉक्टर बाहेर येऊन म्हणाले, असं निजवून आणलंत म्हणून हे मूल हाती लागलं. दादा सिस्टरांच्या पायाशी वाकायला गेले. त्या मागे सरकल्या. "पाया नगा पडू. बाक बसवा," म्हणाल्या आणि एसटी धरून कुपवाडला निघून गेल्या.

बारशाला वहिनींनी त्यांना मुद्दाम बोलावून घेतलं. त्या दिवशी कोनाड्यातला कप दिसला नाही. वहिनींनी कपाटातला सोनेरी काठाचा, पाहुण्यांचा सेट काढला आणि स्वतः चहा घेऊन आल्या. सोप्यात वीस-पंचवीस माणसं, सगळी बघताहेत. सिस्टरांनी कप हातात घेतला, फिरवून बघितला. मग पिशवीतून आपलं फुलपात्र काढलं, चहा त्यात ओतला आणि रिकामा कप बशीत परत ठेवला. "सहाचा शेट हाय न्हवं, वहिनी? एक कशाला बाद करताय?" म्हणाल्या आणि चहा प्यायल्या, फुंकर मारत. वहिनींचा चेहरा उतरला. मला राग आला सिस्टरांचा. रात्री विचार करताना कळलं, राग खरं तर कशाचा आला होता ते.

त्या खुर्च्या गाडीत परत गेल्या नाहीत. मोडलेली द्राक्षाच्या शेडमध्ये पडली. धड राहिली ती पडवीत ठेवली. दर रविवारी न्हावी घरी येतो, तो दादांना त्याच खुर्चीत बसवून खटका ओढतो आणि दाढी करतो. दादा डोळे मिटून घेतात. सिस्टरांचं बोलणं असं खरं झालं आणि ते दादांना कळत नव्हतं असं मला वाटत नाही.

दादांनी कुपवाडलाच एका कारागिराकडून सलग बाक करून घेतला आणि गाडी परीक्षेला नेली. नापास. पायरी उंच, "नऊ महिन्याची बाई काय माकड हाय चढायला?" दादांनी लोखंडी पायरी जोडून घेतली. परत नापास. मागचं दार आतून उघडत नव्हतं. ते करून घेतलं. तिसऱ्यांदा सिस्टर फुलपात्र घेऊन फाटकापर्यंत जाऊन आल्या, साडीवरून हात फिरवला आणि म्हणाल्या, "डावीकडं दबतीया. पाटा बदला." सारा गाव हसत होता. दादा मात्र परीक्षेला बसलेल्या पोरासारखे पुन्हा पुन्हा जात होते. मी म्हणालो, कशाला त्या बाईच्या नादाला लागता? ते म्हणाले, "तुला न्हाई कळायचं." दादा मला असं कधी बोलत नसत.

गाडीखालच्या स्प्रिंगचे पाटे बदलले, पण चौथी परीक्षा राहून गेली. सुमनची मुलगी चार वर्षांची झाली असेल. एक दिवस शाळेत फोन आला, सिस्टरांच्या मुलाचा. सिस्टर मोरीत घसरून पडल्या होत्या, खुब्याचं हाड मोडलं होतं. रिक्षात बसता येत नव्हतं. मुलानं शेजारची गाडी आणली, तर बाईनं ती बघूनच नाकारली. "मास्तरांच्या भावाची बोलीव. तिच्यात आडवं हुता येतं. तवर मी काय मरत न्हाई," म्हणाल्या. मी धावत घरी येऊन सांगितलं, दादांनी अंगावरच्या कपड्यांनिशी गाडी काढली आणि मी शेजारी बसलो. वहिनी धावत तांब्या भरून घेऊन आल्या, मांडणीवरचं हाताला लागलं ते फुलपात्र त्यावर पालथं घातलं आणि त्याही बसल्या.

सिस्टरांना चौघांनी उचलून बाकावर निजवलं. पाय पुरते लांब झाले. दादा मुंगीच्या पावलानं गाडी चालवत होते. वाटेत सिस्टरांनी पाणी मागितलं. त्यांची पिशवी घाईत घरीच राहिली होती. वहिनींनी आमच्या घरच्या फुलपात्रात पाणी ओतलं, सिस्टरांच्या मानेखाली हात घालून ते त्यांच्या ओठाशी नेलं. सिस्टरांनी फुलपात्राकडे बघितलं. त्यावर दादांचं नाव कोरलेलं होतं, दादांचं जेवताना घ्यायचं फुलपात्र ते. मग वहिनींकडे बघितलं, बराच वेळ. आणि दोन घोट घेतले.

दवाखान्याच्या दारात गाडी थांबली तेव्हा त्या म्हणाल्या, "सुभेदार, गाडी पास."

दादांना मागे वळून बघवेना. वहिनी ओल्या डोळ्यांनी हसत म्हणाल्या, "आन आमी, सिस्टर?"

"तुमचं अजून बघतीया," सिस्टर म्हणाल्या.

चौथ्या दिवशी त्या गेल्या.

त्या तीन दिवसांत दादा जेवायला बसले की पाणी दुसऱ्याच फुलपात्रात येत होतं. "माझं कुठाय?" त्यांनी विचारलं की वहिनी म्हणत, "घासाया टाकलंय." ते मोरीवर नव्हतं. दवाखान्यातून आलो त्याच दिवशी मी ते बघितलं होतं. सोप्यातल्या कोनाड्यात, जिथे तो कान तुटका कप असायचा, तिथे ते पालथं घातलेलं होतं. मी बघितलं आणि आत जाऊन वर्तमानपत्र वाचत बसलो.

सिस्टरांना कुपवाडच्या स्मशानात पोचवून आम्ही घरी आलो, तेव्हा दादांची नजर कोनाड्यावर गेली. मग त्यांनी ते फुलपात्र उचललं, सरळ केलं आणि वहिनींपुढे धरलं. "पाणी घाल."

"आवं, थांबा, आधी आंघुळ तर—"

"घाल."

वहिनींनी तांब्या उचलला आणि हातभर उंचावरून धार धरली, जशी अकरा वर्षं सिस्टरांना धरत होत्या तशीच. त्यांच्या लक्षातही आलं नाही. दादांच्या आलं. त्यांनी फुलपात्र वर नेलं, तांब्याच्या काठाला टेकवलं, मग पाणी घेतलं आणि उभ्यानंच प्यायले. आत जाऊन ते मांडणीवर ठेवून आले. वहिनी तांब्या हातात घेऊन तशाच उभ्या होत्या.

मी दारात होतो. सिस्टरांनी आमचा निकाल राखून ठेवला होता. माझ्यापुरता तो मला त्या दारातच कळला.